कार्ताहेना : यूसुफच्या विहिरींचे शहर

दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेला, कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर एक शहर आहे. त्याचे पूर्ण नाव ‘कार्ताहेना दे इंदियास’. म्हणजे हिंदुस्थानातले कार्ताहेना. कोलंबस निघाला होता आपल्या देशाच्या शोधात. तो पोचला भलतीकडेच. पण हिंदुस्थान सापडला असे समजून त्याने त्या भूमीला जे नाव दिले, ते या शहराला आजही चिकटलेले आहे. नावाचा हा भाग असा चुकून आपल्याकडून गेलेला.

पहिल्या भागाची गोष्ट त्याहून जुनी आहे. आजच्या ट्युनिसजवळचे कार्थेज हे फिनिशियन लोकांचे शहर. त्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘कर्त हदश्त’, म्हणजे नवे शहर. कार्थेजच्या लोकांनी स्पेनच्या किनाऱ्यावर आणखी एक नवे शहर वसवले. रोमनांनी त्याला नवे कार्थेज म्हटले. पुढे अंदलुसच्या काळात अरबांनी त्याला ‘कर्ताजन्नत अल-हल्फा’ म्हटले. अरबी साहित्यशास्त्रातला मोठा विद्वान हाझिम अल-कर्ताजन्नी १२११ साली याच शहरात जन्मला. पुढे तो ट्युनिसला गेला आणि तिथेच वारला. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १ जून १५३३ रोजी पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने कॅरिबियन किनाऱ्यावरच्या ‘कालामारी’ या आदिवासी वस्तीच्या जागी आपले ठाणे उभारले आणि त्याला स्पेनमधल्या त्या बंदराचे नाव दिले. कालामारीच्या मूळ रहिवाशांना काही कुणी विचारले नाही.

आज जगभरचे पर्यटक कार्ताहेनाला जातात. पिवळ्या-निळ्या-केशरी भिंती, बोगनवेलीने झाकलेले लाकडी सज्जे, सुमारे अकरा किलोमीटर लांबीची तटबंदी, समोर कॅरिबियन समुद्र. १९८४ पासून हे शहर, त्याचे बंदर आणि किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. हे सगळे डोळे भरून पाहावे असेच आहे. पण पाहताना एक प्रश्न सोबत असू द्यावा. हे बांधले कुणी? आणि ज्यांनी बांधले त्यांची नावे कुठे आहेत? या प्रश्नाचा हात धरून शहर फिरले, तर मुसलमान वाचकाला तिथे अशी काही माणसे भेटतात, ज्यांची भेट होईल असे त्याला वाटलेही नसते.

मिठाईचा बाजार आणि माणसांचा बाजार

जुन्या शहरात शिरायचे ते घड्याळ मनोऱ्याच्या वेशीतून. आत गेल्यागेल्या एक त्रिकोणी चौक लागतो, ‘प्लाझा दे लोस कोचेस’. आज तिथे घोडागाड्या आणि पर्यटकांची वर्दळ असते. मध्यभागी एरेदियाचा पुतळा आहे. एका बाजूला कमानींची रांग असून तिला मिठाईची ओसरी म्हणतात. काचेच्या मोठ्या बरण्यांत खोबऱ्याच्या वड्या असतात, चिंचेच्या गोळ्या असतात आणि ‘आलेग्रिया’ नावाचा एक लाडू असतो. या लाडवाची कृती ऐकून मराठी माणसाला हसू येईल. ज्वारी-बाजरीच्या जातीच्या धान्याच्या लाह्या, ओले खोबरे, बडीशेपेसारखा वास आणि बांधायला गूळ. तिकडे गुळाला ‘पानेला’ म्हणतात. ‘आलेग्रिया’चा अर्थ आनंद.

याच चौकात माणसे विकली जात.

आफ्रिकेतून आलेली जहाजे बंदरात लागली की उपाशी, आजारी, साखळीत जखडलेली माणसे उतरवली जात. त्यांची उंची मोजली जाई, दात पाहिले जात, अंगावर डाग दिले जात. स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्यात गुलाम उतरवण्याचा परवाना असलेली बंदरे मोजकीच होती. त्यांत कार्ताहेना प्रमुख. इथून ही माणसे मगदालेना नदीच्या काठाने आत, सोन्याच्या खाणींकडे, आणि पनामामार्गे थेट पेरूपर्यंत नेली जात.

मिठाई आणि गुलामी शेजारी-शेजारी असणे हा योगायोग नाही. ऊस मूळचा आपल्या बाजूचा. संस्कृत ‘शर्करा’चे अरबीत ‘सुक्कर’ झाले आणि स्पॅनिशमध्ये ‘असुकार’. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राच्या काठाने अंदलुसपर्यंत नेला. स्पॅनिशांनी तो तिथून कॅनरी बेटांत आणि मग कॅरिबियनमध्ये नेला. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. मूळ रहिवासी तलवारीने आणि युरोपातून आलेल्या रोगांनी मेले होते. मग आफ्रिकेतून माणसे आणली गेली.

त्या माणसांत मुसलमान होते. सेनेगल आणि गांबिया नद्यांच्या प्रदेशातून सुरुवातीच्या काळात जे लोक पकडून आणले गेले, त्यांत वोलोफ, मांडिंगा, फुला या जमाती होत्या आणि त्या भागात इस्लाम कितीतरी आधी पोचला होता. १५२१ च्या नाताळात सांतो दोमिंगोच्या बेटावर गुलामांचे पहिले मोठे बंड झाले. ते कोलंबसाच्या मुलाच्या, दिएगोच्या, साखर कारखान्यावर झाले आणि त्यात वोलोफ गुलाम पुढे होते. त्यानंतर स्पेनच्या दरबाराने वोलोफ गुलाम अमेरिकेत नेण्यावर बंदी घालणारे हुकूम काढले. हे लोक उद्धट आहेत, बंडखोर आहेत, इतरांना बिघडवतात, अशी तक्रार १५३२ च्या हुकुमात आहे. बंदी कागदावर राहिली. व्यापाऱ्याला नफा हवा होता, त्यामुळे जहाजे येतच राहिली.

थोड्या अंतरावरचे दोन दरवाजे

चौकातून थोडे चालत गेले की संत पेद्रो क्लावेरचे चर्च येते. दगडी, उंच, आत झाडांनी भरलेले सुंदर अंगण. क्लावेर हा स्पेनमधला येशूसंघी पाद्री. १६१० मध्ये तो कार्ताहेनाला आला आणि १६५४ मध्ये तिथेच वारला. गुलामांचे जहाज लागले की तो पाणी, फळे, औषधे घेऊन तळघरात उतरत असे. जिथे इतर लोक दुर्गंधीमुळे पाय ठेवत नसत, तिथे तो जखमा धूत बसे. स्वतःला तो ‘गुलामांचा गुलाम’ म्हणवत असे. १८८८ मध्ये चर्चने त्याला संतपद दिले. हा माणूस दयाळू होता यात शंका नाही. त्याच्याविषयी मनात आदर ठेवूनच पुढचे वाचले पाहिजे.

क्लावेरला बहुतेक आफ्रिकी भाषा येत नव्हत्या. त्याच्यासोबत दुभाषे असत. हे दुभाषेही गुलामच होते, येशूसंघाच्या मठाने विकत घेतलेले. त्यांतल्या आंद्रेस साकाबुचे या अंगोलाच्या दुभाष्याचे नाव कागदोपत्री शिल्लक आहे, कारण क्लावेरच्या मृत्यूनंतर संतपदासाठी जी चौकशी झाली तीत त्याची साक्ष नोंदवली गेली. मरणाऱ्या माणसाच्या कानाशी त्याच्याच भाषेत दोन शब्द बोलणारा हा आंद्रेस होता. त्याच साक्षींमध्ये कार्ताहेनातल्या ‘मूर’ आणि ‘तुर्क’ बंदिवानांचाही उल्लेख येतो. त्यांना ख्रिस्ती करण्यासाठी क्लावेरने वर्षानुवर्षे खटपट केली, आणि काही जण दीर्घकाळ बधले नाहीत.

क्लावेरचा गुरू आलोन्सो दे सांदोवाल. त्याने याच शहरात बसून आफ्रिकी गुलामांविषयी एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १६२७ मध्ये सेव्हिलला छापला गेला. जहाजातून उतरणाऱ्या माणसांना ‘तू कुठला, तुझी भाषा कोणती’ असे विचारून त्याने माहिती गोळा केली होती. मांडिंगा लोकांत मुसलमान धर्मशिक्षक गावोगाव फिरतात, मुलांना शिकवतात, लिहिलेले ताईत देतात, हे त्याने नोंदवले आहे. ही नोंद अर्थातच तक्रारीच्या सुरात आहे. पण आपल्यासाठी ती मोलाची आहे. लिहिता-वाचता येणारी, कुराण पाठ असलेली माणसे या चौकात विकली गेली, हे त्यावरून कळते. बाप्तिस्मा झाला की अहमदचा फ्रान्सिस्को होई, फातिमाची मारिया होई. पुढच्या सगळ्या कागदांत तेच नाव. लॅटिन अमेरिकेच्या बोलीत तर ‘मांदिंगा’ या शब्दाचा अर्थच सैतान असा झाला.

क्लावेर आला त्याच वर्षी, १६१० मध्ये, कार्ताहेनात इन्क्विझिशनचे न्यायपीठ स्थापन झाले. त्याचा वाडा बोलिव्हार चौकात आहे. आज दिसते ती इमारत अठराव्या शतकातली. तिचे कोरीव दगडी प्रवेशद्वार इतके देखणे आहे की लोक तिथे उभे राहून छायाचित्रे काढतात. बाजूच्या गल्लीत एक छोटी खिडकी आहे. शेजाऱ्याविरुद्ध गुप्त तक्रार त्या खिडकीतून सांगता येई. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा संशय असलेले पोर्तुगीज व्यापारी, जडीबुटी देणाऱ्या कृष्णवर्णी स्त्रिया, प्रॉटेस्टंट खलाशी, सगळे या वाड्यात आणले गेले. पाउला दे एगिलुस ही गुलामीत जन्मलेली वैदू. तिच्यावर तीनदा खटला चालला. आणि शिक्षा भोगत असतानाच शहरातले प्रतिष्ठित लोक तिच्याकडून औषधे घेत राहिले!

स्पॅनिश इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यांत ‘मोहंमदाच्या पंथाची’ लक्षणे सांगितलेली असत. कुणी शुक्रवारी स्वच्छ कपडे घालतो का, हातपाय-तोंड विशिष्ट पद्धतीने धुतो का, दिवसभर उपाशी राहून रात्री जेवतो का, यावर लक्ष ठेवा. वजू आणि रोजा हा असा गुन्ह्याचा पुरावा ठरला होता. गोव्यात तर हे न्यायपीठ त्याआधीच, १५६० मध्ये आलेले होते. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या छत्राखाली होते. म्हणजे काही दशके गोव्याच्या आणि कार्ताहेनाच्या माणसांचा राजा एकच होता आणि त्यांची भीतीही एकच होती.

घराखालची विहीर

जुन्या शहरातल्या एखाद्या मोठ्या घरात, हल्ली बहुतेकांची हॉटेले झाली आहेत, जरूर शिरावे. बाहेरून बंद वाटणारे घर आत अंगणाभोवती उघडते. रस्ता आणि अंगण यांच्यामधल्या देवडीला तिकडे ‘साग्वान’ म्हणतात. गच्चीला ‘असोतेआ’. भिंतीवरच्या रंगीत फरश्यांना ‘असुलेहो’. हे सारे शब्द अरबी मुळाचे. अंदलुस संपला, मुसलमानांना आणि त्यांच्या ख्रिस्ती केलेल्या वंशजांना अमेरिकेत यायलाही मनाई झाली. पण गवंडी आणि सुतार यांच्या हातात जे कसब होते आणि तोंडात जे शब्द होते, ते जहाजात बसून आलेच.

अंगणाच्या खाली किंवा कोपऱ्यात दगडी हौद असतो. कार्ताहेनाजवळ गोड्या पाण्याची नदी नव्हती. पावसाचे पाणी छपरावरून उतरवून या बंद हौदात साठवायचे आणि कोरड्या महिन्यांत पुरवायचे, अशी सारी व्यवस्था होती. किल्ल्यांतही असेच हौद आहेत. या हौदाला स्पॅनिशमध्ये ‘अल्हिबे’ म्हणतात. आपला ‘हौद’ अरबी, तसा त्यांचा ‘अल्हिबे’ही अरबीच. मूळ शब्द ‘अल-जुब्ब’.

कुराण वाचणाऱ्याला हा शब्द ओळखीचा आहे. सूरह यूसुफमध्ये भाऊ यूसुफला ज्या खोल विहिरीत टाकतात, ती हीच ‘जुब्ब’. तिथून जाणारा तांडा पाण्यासाठी बादली सोडतो, मुलगा वर येतो, आणि मोजक्या दिरहमांत त्याची विक्री होते. माणसाला विकण्याची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता कल्पना करा. याच भागातून आलेली, ही सूरह ज्याला पाठ आहे अशी एखादी मांडिंगा मुलगी. रोज सकाळी मालकाच्या अंगणात अल्हिबेतून पाणी शेंदते आहे. शब्द बदललेला आहे, म्हणून तिला तो ओळखू येत नाही. पण विहीर तीच आहे.

ड्रेकची स्वारी आणि सुटलेले तुर्क

तटावर संध्याकाळी जावे. वारा सुटलेला असतो. दगड जवळून पाहिले तर त्यांत प्रवाळाचे ठसे दिसतात. समुद्रातला प्रवाळ फोडून, समोरच्या तिएर्रा बोम्बा बेटावरच्या भट्ट्यांचा चुना वापरून या भिंती उभ्या राहिल्या. काम दोनशे वर्षे चालले, आणि त्यातला मोठा वाटा गुलामांच्या आणि कैद्यांच्या हातांचा होता.

एवढी तटबंदी का लागली, याचे उत्तर १५८६ मध्ये आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक कार्ताहेनावर चालून आला. आज जिथे बोकाग्रांदेच्या उंच पांढऱ्या इमारती आणि पर्यटकांचा किनारा आहे, त्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर त्याचे सैनिक रात्री उतरले. वाळूत विषारी खुंट्या रोवलेल्या होत्या, म्हणून ते पाण्याच्या कडेकडेने चालत आले. शहर पडले. ड्रेकने घरे जाळायला सुरुवात केली आणि १ लाख ७ हजार दुकात खंडणी घेऊन मगच तो निघाला. इतिहासाची पुस्तके सहसा इथे थांबतात.

कार्ताहेनाच्या रक्षणाला स्पेनची वल्ह्यांची गलबते होती. ती वल्ही ओढणारे कोण? भूमध्य समुद्रातल्या लढायांत पकडलेले तुर्क आणि उत्तर आफ्रिकेतले मूर. इस्तंबूल, अल्जियर्सकडची माणसे साखळीने बांधून अटलांटिकपार आणलेली होती. स्वारीत ही माणसे मोकळी झाली. ड्रेकने अनेकांना आपल्या जहाजांवर घेतले. फ्लोरिडा, आजच्या अमेरिकेतली रोअनोकची इंग्रज वसाहत, असे करत जुलैमध्ये ताफा इंग्लंडला पोचला. त्यांतले सुमारे शंभर तुर्क मायदेशी पाठवण्याचा निर्णय राणी एलिझाबेथच्या मंत्रिमंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घेतला आणि ते काम तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांवर सोपवले.

यात इंग्रजांचे औदार्य शोधू नये. सुलतान तिसऱ्या मुरादशी त्यांना व्यापार वाढवायचा होता, स्पेनविरुद्ध मैत्री हवी होती. ड्रेकने स्वतः तरुणपणी गुलामांच्या व्यापारात भाग घेतला होता. तरीही त्या शंभर जणांच्या दृष्टीने पाहा. वल्ह्याला बांधलेला माणूस कार्ताहेनाच्या बंदरात मरायचा होता, तो लंडनमार्गे घरी निघाला. यूसुफच्या गोष्टीतल्यासारखी वरून एक बादली आली.

या गोष्टीला एक मजेशीर शेपूट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सीरिया, लेबनान, पॅलेस्टाइनमधले अरब कोलंबियाच्या या किनाऱ्यावर व्यापाराला आले. बहुतेक ख्रिस्ती, थोडे मुसलमान. त्यांच्याकडे उस्मानी सल्तनतीची कागदपत्रे होती, म्हणून लोक त्यांना ‘तुर्को’ म्हणू लागले. गॅब्रिएल गार्सिया मार्केसच्या कादंबरीतल्या माकोंदो गावात तुर्कांची गल्ली आहे ती यामुळेच. मार्केसने कार्ताहेनात तरुणपणी पत्रकारिता केली आणि त्याच्या अस्थीही तिथेच, विद्यापीठाच्या जुन्या मठात आहेत. किनाऱ्यावरच्या शहरांत आज रस्त्यावर ‘किब्बे’ मिळतात, ते या अरबांनी आणलेले. खऱ्या तुर्कांना शहर विसरले, आणि जे तुर्क नव्हते त्यांना तुर्क म्हणू लागले.

किल्ला, डास आणि खारफुटी

शहराबाहेरच्या टेकडीवर सान फेलिपे दे बाराहास हा प्रचंड किल्ला आहे. त्याचे बुरूज एकावर एक चढत जातात. आत भुयारे आहेत. एका टोकाची पावले दुसऱ्या टोकाला ऐकू यावीत अशी त्यांची रचना आहे. १७४१ मध्ये इंग्रज नौदलप्रमुख व्हर्नन १८० हून अधिक जहाजे घेऊन आला. बचावाला चार हजारांच्या आत माणसे होती आणि सेनापती ब्लास दे लेझो एका पायाने, एका डोळ्याने आणि एका हाताने अधू होता. इंग्लंडमध्ये विजयाची पदकेसुद्धा आधीच पाडून झाली होती. पण किल्ला पडला नाही. पाऊस सुरू झाला आणि पीतज्वराने इंग्रज फौज कापून काढली. किल्ल्यासमोर लेझोचा पुतळा आहे. डासांचा नाही, पण त्यांचाही हिस्सा मोठा होता.

ते डास ज्या पाणथळीतले, तिथे आज पर्यटक निसर्ग पाहायला जातात. शहराच्या उत्तरेला ‘सिएनागा दे ला विर्हेन’ हे खाजण आहे आणि त्याच्या काठावर ला बोकिया हे कृष्णवर्णी कोळ्यांचे गाव. कोळी लांबट होडीतून खारफुटीच्या बोगद्यांतून फिरवून आणतात. बगळे, खेकडे, पाण्यात उतरलेली मुळे. कोकणातल्या खाडीची आठवण यावी असे दृश्य आहे. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे याच खाजणात सोडले जात होते. दुसऱ्या बाजूने उंच हॉटेले किनाऱ्याने गावाकडे सरकत होती. २०१२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा कार्ताहेनाला आले असताना ला बोकियाच्या लोकांना त्यांच्या जमिनीचा सामूहिक हक्काचा कागद समारंभाने देण्यात आला. चौक कोणता, तर संत पेद्रो क्लावेरच्या चर्चसमोरचा! पुढे त्या कागदावरून कोर्टबाजीही झाली. जमिनीचा प्रश्न समारंभाने सुटत नाही, हे आपल्याकडच्या कोळीवाड्यांनाही ठाऊक आहे.

निसर्गाची दुसरी जागा शहराच्या मधोमध आहे. हेत्सेमानी या जुन्या कारागिरांच्या वस्तीला लागून सेंतेनारियो बाग आहे. झाडांवर माकडे, इग्वाना आणि स्लॉथ नावाचा अतिसंथ प्राणी मोकळा राहतो. ही बाग ज्या स्वातंत्र्याच्या शताब्दीची, ते ११ नोव्हेंबर १८११ रोजी जाहीर झाले. त्या दिवशी पेद्रो रोमेरो या मिश्रवंशीय कारागिराच्या मागे हेत्सेमानीचे लोक शस्त्रे घेऊन उतरले होते. स्वातंत्र्य आले, पण गुलामी पूर्ण उठायला १८५२ उजाडावे लागले.

समुद्रातून रोसारियो बेटांकडे जाताना बोकाचिकाच्या तोंडाशी दोन किल्ले लागतात. बंदराचे मोठे तोंड स्पॅनिशांनी पाण्याखाली भिंत बांधून बुजवले होते, म्हणजे प्रत्येक जहाज याच अरुंद वाटेने, तोफांच्या मधून जावे. बेटांभोवतीचे प्रवाळ १९७७ पासून राष्ट्रीय उद्यानात संरक्षित आहेत. मात्र १६५० मध्ये मगदालेना नदीला खाडीशी जोडणारा ‘दिके’ कालवा खोदला गेला. तो नदीचा गाळ आजही समुद्रात आणून टाकतो आणि प्रवाळ गुदमरतात. तरी बोकाचिकाजवळ, त्याच गढूळ पाण्याच्या थराखाली, वारादेरो नावाचा जिवंत प्रवाळखडक संशोधकांना अलीकडच्या काळात सापडला. वरून पाहणाऱ्याला तिथे चिखलाशिवाय काही दिसत नाही.

बेंकोस आणि मलिक अंबर

शहराच्या चौकांत रंगीबेरंगी झगे घातलेल्या, डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या स्त्रिया दिसतात. त्यांना ‘पालेंकेरा’ म्हणतात. पर्यटक पैसे देऊन त्यांच्यासोबत छायाचित्र काढतात. त्या जिथून येतात ते सान बासिलियो दे पालेंके हे गाव सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. पळालेल्या गुलामांनी वसवलेले. स्पॅनिश आणि मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांच्या मिश्रणातून झालेली त्यांची स्वतःची भाषा आहे. २००५ मध्ये युनेस्कोने या गावाच्या मौखिक वारशाचा गौरव केला. गावच्या चौकात तुटलेल्या साखळ्यांसह हात उंचावलेला पुतळा आहे, बेंकोस बियोहोचा.

बेंकोस पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. १५९९ च्या सुमारास तो कार्ताहेनातून पळाला आणि दलदलीच्या प्रदेशात त्याने आपले ठाणे केले. स्पॅनिश सैन्याला तो हाती लागेना. १६०५ च्या सुमारास गव्हर्नरला त्याच्याशी तहाची बोलणी करावी लागली. त्याला शहरात सशस्त्र यायची मुभा मिळाली. मग संधी साधून त्याला पकडण्यात आले आणि १६ मार्च १६२१ रोजी फाशी देण्यात आली.

या तारखा वाचताना दख्खनच्या माणसाला दुसरे नाव आठवल्याशिवाय राहत नाही. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला मलिक अंबर. बेंकोस दलदलीत लढत होता त्याच वर्षांत अंबर निजामशाही वाचवण्यासाठी मुघलांशी गनिमी काव्याने लढत होता. कार्ताहेनात इन्क्विझिशन आले त्या १६१० मध्ये अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि तिथे नहरीने पाणी आणले. बेंकोसला फाशी झाली तेव्हा अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा होता. १६२६ मध्ये तो सन्मानाने वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

इथे आपल्याला छाती फुगवण्याचा मोह होतो. पाहा, आमच्याकडे गुलाम वजीर झाला, त्यांच्याकडे फासावर गेला. फरक खरा आहे. दख्खनमध्ये गुलामी रंगाशी आणि वंशाशी कायमची जखडलेली नव्हती, त्यामुळे वर जायची वाट होती. पण अंबरला विकणारे कोण होते? मोखा आणि बगदादच्या बाजारांत त्याची खरेदी-विक्री करणारे कलमा पढणारेच होते. एक अंबर वर आला म्हणून मागे राहिलेल्या हजारो मुलांची विक्री माफ होत नाही. बिलाल यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाने शेकडो वर्षे हा बाजार चालू दिला, हे सांगण्याची हिंमत आपल्यात हवी. तरच कार्ताहेनाच्या चौकात उभे राहून दुसऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला पोचतो.

आणि बेंकोसला मुसलमान ठरवण्याचीही गरज नाही. तो मुसलमान होता असे कुणी सांगत नाही. माणूस म्हणून तो आपला आहे, तेवढे पुरे.

कार्ताहेनाला जाणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण मुरुडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून होडीने जंजिऱ्याला आपण जातोच. तिथले वाटाडे तोफांची नावे सांगतात, किल्ला अजिंक्य कसा राहिला ते सांगतात. तिथल्या गोड्या पाण्याच्या तलावाच्या काठी क्षणभर थांबून आफ्रिकेतून आलेल्या, सिद्दी सरदार न झालेल्या, नाव न उरलेल्या माणसांचाही विचार करावा. कार्ताहेनाचे हौद त्यांनीच भरले आणि हे तलावही त्यांनीच खोदले असतील. यूसुफचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण तो विहिरीतून बाहेर आला. बाकीच्यांसाठी निदान विहिरीत डोकावून तरी पाहायला हवे.